काही होत नाही: प्रयोगशाळा-सुरक्षेची बाळबोध मार्गदर्शिका

विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात नव्याने नेमलेल्या सुरक्षा समन्वयकांसाठी. भौतिकशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्रवाल्यांनी रसायनांच्या जागी आपापली संकटे घालून वाचावे. बाकी मजकूर तसाच लागू पडतो.

पाठ १: नेमणूक

अभिनंदन. विभागाचे प्रयोगशाळा-सुरक्षा समन्वयक म्हणून आपली निवड झाली आहे. निवडीचे निकष कडक असतात. उमेदवार विभागात सर्वांत शेवटी रुजू झालेला असावा, बैठकीला उशिरा आलेला असावा, किंवा बैठकीला आलेलाच नसावा. तासिका तत्त्वावरचा असेल तर उत्तम, कारण तो नाही म्हणू शकत नाही.

या पदाला मानधन नाही, तासिकांत सूट नाही, अंदाजपत्रकात वेगळे शीर्ष नाही. अधिकारही नाहीत. त्याने खचून जाऊ नये. जबाबदारी एकाकडे आणि सहीचा अधिकार दुसऱ्याकडे, ही विद्यापीठातली जुनी वहिवाट आहे. आपण तिच्यात सामील झालात एवढेच.

रुजू होताच विभागाचा मूलभूत सिद्धान्त पाठ करावा: ‘आजवर काही झालेलं नाही.’ गॉगल का नाहीत? आजवर काही झालेलं नाही. मागचे दार कुलूपबंद का? आजवर काही झालेलं नाही. टायट्रेशनचे एकच रीडिंग घेऊन जर्नल लिहायला बसणाऱ्या विद्यार्थ्याला आपण हाताला धरून पुन्हा ब्युरेटसमोर उभे करतो. तिन्ही रीडिंग जुळल्याशिवाय सही देत नाही. अपघाताच्या बाबतीत मात्र एकही रीडिंग न घेता निष्कर्ष काढायची मुभा आहे. तिचा पुरेपूर उपयोग करावा.

पाठ २: मामांशी ओळख

विभागात सुरक्षेची दोन दफ्तरे असतात. एक कपाटात, दुसरे मामांच्या डोक्यात. मामा म्हणजे प्रयोगशाळा परिचर. कोणत्या बर्नरचा कॉक उलटा फिरतो, कोणत्या बाटलीत लेबलाहून भलतेच काही आहे, कोणत्या संशोधक विद्यार्थ्याला रात्री एकटे सोडू नये, हे त्यांना ठाऊक असते. एखादे उपकरण सुरू करताना मागून ‘सर, आज राहू द्या’ असा आवाज आला, तर तो मामांचा असतो. कारण विचारल्यास ते सांगत नाहीत. फक्त मान हलवतात.

मामांना सुरक्षा समितीवर घेण्याचा मोह होईल. तो टाळावा. नियमात अधिष्ठाता, विभागप्रमुख, दोन प्राध्यापक आणि एक बाहेरील तज्ज्ञ असे म्हटले आहे; परिचराचा उल्लेख नाही. बैठकीला ते हजर असतातच. चहा तेच आणतात.

मामांना जे ठाऊक आहे ते एकदा बसून लिहून घ्यावे, असाही विचार मनात येईल. जरा धीर धरावा. मामांची जन्मतारीख, त्यांच्या पिढीतल्या निम्म्या महाराष्ट्राप्रमाणे, १ जून आहे. येत्या ३१ मेला ते निवृत्त होतील, पद गोठवले जाईल आणि लिहून घेण्याचा प्रश्न आपोआप निकाली निघेल.

पाठ ३: फलक

सुरक्षेची सुरुवात फलकाने होते आणि पुष्कळदा तिथेच संपते. ‘सुरक्षा प्रथम’ असा फ्लेक्स दाराच्या वर लावावा. तो दाराहून मोठा असल्यास दारावर लावावा.

आपत्कालीन दूरध्वनी क्रमांकांची यादी अनिवार्य आहे. अग्निशमन १०१ आणि रुग्णवाहिका १०८ हे क्रमांक सर्वांना पाठ असतात, म्हणून यादीत विभागाच्या लँडलाइनचा क्रमांक ठळक द्यावा. बिल न भरल्याने ती बंद आहे. फलक रंगवताना ती चालू होती, त्यामुळे चूक कोणाचीच नाही.

बाहेर पडण्याच्या मार्गाकडे हिरवा बाण काढावा. बाणाच्या दिशेने गेल्यास निर्लेखनाची वाट पाहणारी तीन लोखंडी कपाटे, एक बिघडलेला ओव्हन आणि त्यामागे मागचे दार लागते. दाराला कुलूप आहे, किल्ली मामांकडे. चोरीच्या भीतीने ते लावले, हे कारण नोंदवहीत आहे. आगीच्या भीतीने ते काढावे, अशी नोंद कोणी केलेली नाही.

पाठ ४: रसायनांचे कपाट

बाटल्या इंग्रजी वर्णानुक्रमाने लावाव्यात. नोंदवहीशी ताळा जमतो आणि पाहुण्यांना नीटनेटके दिसते. या पद्धतीत ‘ए’च्या फळीवर ॲल्युमिनियमची पूड आणि अमोनियम नायट्रेट शेजारी येतात, म्हणजे जळणारा आणि त्याला ऑक्सिजन पुरवणारा एकाच बाकावर. ‘एन’वर नायट्रिक आम्लाला नायट्रोबेंझीनचा शेजार लाभतो, दोन्ही एकत्र आली की मिश्रण स्फोटक होऊ शकते. ‘एस’वर सोडियम सायनाइडला सोबत म्हणून सल्फ्युरिक आम्ल. फळी मोडून दोन्ही बाटल्या फुटल्या तर हायड्रोजन सायनाइड तयार होतो आणि नोंदवहीचा ताळा घ्यायला कोणी उरत नाही.

आम्ले एकीकडे, अल्कली दुसरीकडे, ज्वालाग्राही द्रावके वेगळ्या लोखंडी कपाटात, ऑक्सिडीकारके त्यांच्यापासून दूर, अशीही एक पद्धत आहे. तिच्यात मोठा दोष हा की बाटली शोधणाऱ्याला रसायनशास्त्र यावे लागते.

ईथरच्या बाटलीवर ती उघडल्याची तारीख लिहायला सांगतात. कारण डायएथिल ईथर हवेतल्या ऑक्सिजनशी सावकाश संयोग पावून पेरॉक्साइडे बनवतो. जुन्या बाटलीच्या झाकणाच्या आट्यांत त्यांचे स्फटिक साचले, की झाकण फिरवतानाचे घर्षणही स्फोटाला पुरते. तरीही तारीख लिहू नये. तारीख लिहिली की बाटली जुनी होत जाते; न लिहिलेली बाटली कायम कालच आणलेली असते.

कपाटाच्या तळाशी, मागे, पिवळ्या पुडीची एक बाटली सापडेल. ते पिक्रिक आम्ल. पाण्याने ओले असेपर्यंत ते सालस असते. वाळले की धक्क्याने, घर्षणाने उडते. पहिल्या महायुद्धात तोफगोळ्यांत भरले जाई ते हेच. झाकणाभोवती कोरडी पिवळी पापुद्री दिसली, तर बाटलीला हात न लावता खोली रिकामी करून जाणकारांना बोलवायचे असते. विभागाची पद्धत निराळी आहे: मोजणीला आलेला लेखापरीक्षक ती हलवून पाहतो.

खरेदी ३१ मार्चच्या आधल्या आठवड्यात करावी. अनुदान परत जाऊ नये म्हणून अर्ध्या लिटरची गरज असताना पाच लिटरचे कॅन मागवावेत. उरलेले साडेचार लिटर पुढच्या पिढीसाठी राहतात. विभागाचा वारसा असाच तयार होतो.

पाठ ५: फ्युम हूड आणि फ्रीज

विषारी वाफा आत ओढून बाहेर सोडणे हे फ्युम हूडचे काम, असा समज पाठ्यपुस्तकांनी पसरवला आहे. विभागात त्याचा उपयोग बाटल्या ठेवायला होतो. पंख्याची मोटर जळालेली असते आणि देखभालीचा करार संपलेला असतो. पण दिवा लागतो; पाहुण्यांना तो लावून दाखवावा.

हूड चालतो की नाही हे पाहण्याची चाचणी फुकट आहे. काच नेहमीच्या उंचीवर आणून तिच्या खाली टिश्यू पेपरची पट्टी धरावी. पट्टी आत झुकली पाहिजे. हवा साधारण सेकंदाला अर्धा मीटर या वेगाने आत जायला हवी. पट्टी सरळ लोंबत राहिल्यास ‘हवा स्थिर’ असा शेरा मारावा. ती बाहेर झुकल्यास गणित विभागाची खिडकी कोणत्या बाजूला आहे ते पाहावे.

सॉल्ट ॲनालिसिससाठी कुठे किपचे उपकरण अजून चालू असेल, तर हायड्रोजन सल्फाइडच्या सडक्या अंड्यांच्या वासाबद्दल विद्यार्थी तक्रार करतील. त्यांना थोडे थांबायला सांगावे, वास जातो. वायू मात्र जात नाही. हवेच्या दहा लाख भागांत साधारण शंभर भाग झाले की नाकाची वास घेण्याची शक्तीच लुळी पडते. तक्रार बंद होणे हे या वायूच्या बाबतीत सर्वांत वाईट लक्षण आहे. कार्यालयात मात्र तक्रार बंद झाली की फाइलही बंद होते.

फ्रीज एकच असतो आणि तो घरगुती असतो. त्यात विकरे, ईथर आणि चहाचे दूध ठेवतात. ईथरचा फ्लॅश पॉइंट उणे ४५ अंश सेल्सियस. म्हणजे बर्फाच्या कप्प्यातही त्याच्या वाफा पेट घेण्याइतक्या तयार होतात, आणि घरगुती फ्रीजचा थर्मोस्टॅट दर थोड्या वेळाने आतल्या आत ठिणगी टाकत असतो. ज्याच्या आत ठिणगी पडत नाही असा फ्रीज वेगळा मिळतो. तो महाग असतो. त्याऐवजी ‘खाद्यपदार्थ ठेवू नयेत’ असा कागद चिकटवावा. दुधाच्या पातेल्यावर ‘दूध’ असे लिहावे, म्हणजे गोंधळ होणार नाही.

पाठ ६: सिलिंडर

भारतात वायूचा सिलिंडर रंगावरून ओळखतात. हायड्रोजनचा लाल, ऑक्सिजनचा काळा आणि मान पांढरी, नायट्रोजनचा राखाडी आणि मान काळी. ज्वालाग्राही वायूंच्या झडपेचे आटे उलटे असतात, म्हणजे ऑक्सिजनचा रेग्युलेटर चुकूनही हायड्रोजनला बसू नये. तो बसत नसल्यास मोठा पाना घ्यावा आणि जोर लावावा. इतक्या विचारपूर्वक केलेली व्यवस्था एका पान्याने हरवता येते, यात मानवी कर्तृत्वच दिसते.

भरलेल्या नायट्रोजन सिलिंडरात वातावरणाच्या सुमारे दीडशे पट दाब असतो. तो उभा ठेवून भिंतीला साखळीने बांधायचा असतो, कारण पडून झडप तुटली की तो जमिनीवरून भिंतीपर्यंत आणि कधी भिंतीपलीकडेही जातो. साखळीची किंमत किरकोळ असते. पण भिंतीला भोक पाडायला स्थापत्य कक्षाची परवानगी लागते, स्थापत्य कक्षाला कुलसचिवांची, आणि कुलसचिवांना ‘ही साखळी कोणत्या शीर्षाखाली’ याचा खुलासा. तोवर सिलिंडर दोन स्टुलांच्या मध्ये ठेवावा. परवाने आणि तपासण्या पाहणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे. तेवढ्यानेही धीर येतो.

द्रव नायट्रोजनाचा वायू झाला की तो मूळ आकारमानाच्या सुमारे सातशे पट जागा व्यापतो. म्हणून त्याचे भांडे लिफ्टमधून न्यायचे तर माणसांनी जिन्याने जायचे असते. लिफ्ट मध्येच बंद पडली तर आतल्या हवेतला ऑक्सिजन बघता बघता उणा होतो. विभागात भांड्याबरोबर चौघे जातात, कारण ते जड असते आणि कोणाला तरी दार धरावे लागते.

‘मोठ्या संस्थांत हे सगळं नीट असतं’ असे कोणी म्हणाले, तर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेची आठवण करून द्यावी. डिसेंबर २०१८मध्ये तिथल्या हायपरसॉनिक प्रयोगशाळेत स्फोट होऊन एक संशोधक दगावला आणि आणखी काही जखमी झाले. संस्थेचे नाव मोठे असले तर वायू कमी दाबाने बाहेर पडतो, असे आढळलेले नाही.

पाठ ७: ॲप्रन, गॉगल, हातमोजे

ॲप्रन विद्यापीठाच्या फाटकासमोर मिळतो. सुती घ्यावा, असे जाणकार सांगतात. पॉलिएस्टर पेटले की वितळून कातडीला चिकटते. पॉलिएस्टरला इस्त्री लागत नाही, म्हणून विद्यार्थी तेच घेतात. ॲप्रन वर्षातून एकदा, एक्स्टर्नल येतो त्या दिवशी घालावा.

गॉगलबद्दल एकच इतिहास पुरे. ज्याच्या नावाचा बर्नर आपण रोज पेटवतो, त्या रॉबर्ट बुन्सेनची एका डोळ्याची दृष्टी काकोडिल संयुगांवर काम करताना झालेल्या स्फोटात गेली. ‘चष्मा आहे की, गॉगल कशाला’ असे म्हणणाऱ्यांना बुन्सेन सांगावा. ते ऐकतात आणि बर्नर पेटवतात.

हातमोज्यांची गोष्ट या मार्गदर्शिकेच्या चालीत बसत नाही, तरी सांगणे भाग आहे. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात कॅरेन वेटरहान या रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका विषारी धातूंवर काम करत. ऑगस्ट १९९६मध्ये त्यांनी डायमिथाइल मर्क्युरी हाताळले. चालू हूडमध्ये, लॅटेक्सचे हातमोजे घालून, त्या काळच्या समजुतीनुसार सगळी काळजी घेऊन. काही थेंब मोज्यावर पडले. पुढे काही महिन्यांनी चाल डगमगू लागली, बोलणे अडखळू लागले. जून १९९७मध्ये त्या गेल्या. नंतर तपासले तेव्हा कळले, की हे द्रव्य लॅटेक्समधून काही सेकंदांत आरपार जाते.

त्यांनी नियम मोडला नव्हता. नियमच अपुरा होता, आणि त्यांच्यानंतर तो बदलला गेला. कोणत्या रसायनाला कोणता मोजा टिकतो आणि किती वेळ, हे रसायनाच्या सुरक्षा पत्रकात आणि मोज्याच्या तक्त्यात पाहायचे असते ते एवढ्यासाठी. सोळा भागांचे ते पत्रक बाटलीबरोबर येते आणि खोक्याबरोबर रद्दीत जाते. आपल्या विभागात हा तक्ता लागत नाही. आपल्याकडे हातमोजे एकाच प्रकारचे असतात: संपलेले.

पाठ ८: डोळे धुण्याचा फवारा

डोळ्यांत आम्ल उडाले, तर दहा सेकंदांत फवाऱ्यापर्यंत पोचून सलग पंधरा मिनिटे डोळे धुवायचे असतात. नळ्यांत गंज आणि जंतू साचू नयेत म्हणून फवारा दर आठवड्याला चालवून पाहायचा असतो. अमेरिकी मानक तसे सांगते.

इमारतीत पाणी सकाळी सात ते नऊ येते. प्रात्यक्षिके अकराला सुरू होतात. विद्यार्थ्यांनी अपघात शक्यतो लवकर उरकावेत, अशी विनंती वेळापत्रकाखाली छापावी. गच्चीवर वेगळी टाकी बसवण्याचा प्रस्ताव दिल्यास तो पाणीटंचाई आराखड्यात जाईल आणि तिथून परत येणार नाही.

अंगावर पाणी सोडणाऱ्या शॉवरखाली मोरी केलेली नाही. तो एकदा चालवला की खालच्या मजल्यावरच्या ग्रंथालयात पाणी जाते. त्यामुळे त्याची साखळी वर गुंडाळून ठेवली आहे. उंच विद्यार्थ्यांना ती सापडते.

पाठ ९: कचरा आणि निर्लेखन

नको असलेले द्रावण बेसिनमध्ये ओतावे आणि वर पाणी सोडावे. पाणी नसल्यास पाठ ८ पाहावा.

काही हट्टी विभाग कचरा वेगवेगळ्या बाटल्यांत साठवतात: हॅलोजनयुक्त द्रावके, हॅलोजनविरहित द्रावके, आम्ले, जड धातू. ‘वेस्ट’ एवढेच लिहिलेली एक मोठी बाटली ठेवणे सोपे. तिच्यात सकाळी कोणी ॲसिटोन ओतते, दुपारी कोणी नायट्रिक आम्ल, आणि संध्याकाळी शेवटचा माणूस झाकण घट्ट लावून दिवा मालवून जातो. आत अभिक्रिया चालू राहते, वायू साठत राहतो आणि रात्री बाटली स्वतःच उघडते. घातक कचरा रीतसर घेणारी केंद्रे महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरी इथे आहेत. त्यांना पत्र पाठवता येते. त्यासाठी कचऱ्यात काय आहे हे लिहावे लागते. ‘वेस्ट’ हे उत्तर त्यांना चालत नाही.

जुन्या उपकरणांसाठी निर्लेखन समिती असते. ती डेड स्टॉक रजिस्टर उघडते, नाव वाचते आणि वजनावर भाव ठरवते. हा पाठ दिल्लीत एकदा शेवटपर्यंत शिकवला गेला. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात गॅमा किरण देणारे एक यंत्र होते. १९८५पासून ते कोणी वापरत नव्हते. फेब्रुवारी २०१०मध्ये ते भंगार म्हणून लिलावात निघाले आणि मायापुरीच्या बाजारात पोचले. तिथे त्याचे शिशाचे आवरण फोडले गेले. आत कोबाल्ट-६० होते, ज्याची किरणोत्सारिता निम्मी व्हायला सव्वापाच वर्षांहून थोडा अधिक काळ लागतो. अडगळीत पडले म्हणून ते लवकर थंड होत नाही. एप्रिलमध्ये माणसे भाजल्यासारखी जखमी होऊन रुग्णालयात आली, आणि एक जण दगावला. जे दगावले, जखमी झाले, ते विद्यापीठातले कोणी नव्हते.

पंचवीस वर्षे बंद असलेल्या यंत्राच्या पोटात काय आहे हे ठाऊक असणारी माणसे दर ३१ मेला कमी होत जातात. रजिस्टरमध्ये ‘आत काय आहे’ असा रकाना नसतो. ‘किंमत’, ‘वजन’ आणि ‘शेरा’ असे तीन रकाने असतात. शेऱ्यात ‘जड’ असे लिहावे.

पाठ १०: तपासणी

नॅकची पीअर टीम येण्याआधीचा दिवस हा विभागाचा सुरक्षा दिन. वाळूच्या लाल बादल्यांतली सिगारेटची थोटके काढावीत. अग्निशामकांवर नवे स्टिकर लावावे. शेजारच्या प्राणिशास्त्र विभागाकडून गॉगल उसने आणावेत. टीम तिकडे पोचण्याआधी ते मागच्या जिन्याने परत करावेत. अहवालात ‘विभाग सुरक्षेबाबत जागरूक आहे’ असे येते आणि ते वाक्य पुढच्या पाच वर्षांच्या अहवालांत जसेच्या तसे उतरवता येते.

तपासणीनंतर त्रुटींची यादी आली, तर ती ‘नोंद घेतली’ असा शेरा मारून फाइल करावी. यादी आणि दुरुस्ती यांच्यात किती अंतर असते, याचे मोजमाप लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात झालेले आहे. ऑक्टोबर २००८मध्ये तिथल्या तपासनिसांनी रसायनशास्त्राच्या एका प्रयोगशाळेबद्दल लिहिले, की इथे माणसे ॲप्रन घालत नाहीत. त्याच डिसेंबरात, सुट्टीच्या आठवड्यात, तेवीस वर्षांची संशोधन सहायक टर्शरी ब्युटिल लिथियम सिरिंजने काढत होती. हे द्रव्य हवा लागताच पेटते. सिरिंजचा दांडा निसटला. अंगावर कृत्रिम धाग्याचा स्वेटर होता, ॲप्रन नव्हता. अठरा दिवसांनी तिचा मृत्यू झाला. पुढे विद्यापीठावर आणि प्राध्यापकावर फौजदारी आरोप ठेवले गेले. दोन्ही प्रकरणे तडजोडीने मिटली.

तिथे तपासणी होती, अहवाल होता, त्रुटी नेमकी ओळखलेली होती. काय नव्हते, ते स्वाध्यायात विचारले आहे.

पाठ ११: काही झाल्यास

भाजल्यास भाजलेला भाग वाहत्या थंड पाण्याखाली वीस मिनिटे धरायचा असतो. प्रथमोपचार पेटीत बँडेज, टूथपेस्ट आणि मुदत संपलेले मलम आहे. पेटीला कुलूप आहे. किल्ली कोणाकडे, हे वाचकांना एव्हाना कळले असेल.

नोंदवहीत ‘किरकोळ’ असे लिहावे. फ्लास्क फुटून काच कानाजवळून गेली आणि लागली नाही, तर लिहूच नये. ज्यात कोणाला इजा झाली नाही तो अपघात नव्हे. तो चहाच्या वेळचा किस्सा. असे किस्से बरेच साठले म्हणजे काय होते, हे अमेरिकेतल्या टेक्सास टेक विद्यापीठात दिसले. जानेवारी २०१०मध्ये तिथे दोन संशोधक विद्यार्थी निकेल हायड्राझीन परक्लोरेट या स्फोटक संयुगावर काम करत होते. एका वेळी शंभर मिलिग्रॅमच्या वर करायचे नाही, अशी मर्यादा होती; पण ती तोंडी होती. त्यांनी सुमारे दहा ग्रॅम केले, म्हणजे शंभर पट. खलात गुठळी फोडताना स्फोट झाला. त्यांतल्या एका विद्यार्थ्याने तीन बोटे गमावली, त्याच्या डोळ्याला इजा झाली. चौकशीत आढळले, की त्या विभागात थोडक्यात निभावलेले प्रसंग आधीही घडले होते. त्यांच्यातून कोणी काही शिकले नव्हते.

चौकशीनंतर काही ठिकाणी एक विचित्र नियम करतात. टेबलापाशी उभ्या असलेल्या कोणालाही, मग तो एम.एस्सी. भाग एकचा विद्यार्थी असो की परिचर, प्रयोग थांबवायचा अधिकार देतात. कारण लगेच सांगावे लागत नाही. थांबवणाऱ्याचा अंदाज चुकला तरी त्याला कोणी बोलत नाही. हा नियम आपल्या विद्यापीठात आणू नये. त्याला पैसे लागत नाहीत, त्यामुळे निविदा काढता येत नाही. फलकावर त्याचे छायाचित्र देता येत नाही. शिवाय तो आणला, तर ‘सर, आज राहू द्या’ या वाक्यानंतर सरांना खरोखरच राहू द्यावे लागेल, आणि शोधनिबंध एक दिवस उशिरा जाईल.

स्वाध्याय

प्रश्न १. रिकाम्या जागा भरा.
(अ) आजवर ______ झालेलं नाही.
(आ) मागच्या दाराची किल्ली ______ कडे असते. ३१ मेनंतर ती ______ कडे असेल.

प्रश्न २. जोड्या लावा.
‘अ’ गट: हायड्रोजन, पिक्रिक आम्ल, ईथर, टेक्सास टेकची मर्यादा.
‘ब’ गट: ओले ठेवावे, उलटे आटे, तारीख लिहावी, कागदावर हवी होती.

प्रश्न ३. चूक की बरोबर, ते सांगा.
(अ) वास गेला म्हणजे वायू गेला.
(आ) ज्या त्रुटीची नोंद झाली ती दूर झाली.
(इ) किरणोत्सारी पदार्थ भंगारात निघाला की शांत होतो.

प्रश्न ४. कारणे द्या.
वेटरहान यांनी नियम पाळले. तरी नियम बदलावा लागला. आपल्या विभागात नियम पाळले जात नाहीत. तरी ते बदलावे लागत नाहीत.

प्रश्न ५. एका वाक्यात उत्तर लिहा.
दुपारचे चार वाजले आहेत. हूडमधून वाफ बाहेर येते आहे, प्रयोग प्राध्यापकांचा आहे आणि प्राध्यापक बैठकीला गेले आहेत. तुमच्या विभागात आत्ता, या क्षणी, ‘बंद करा’ असे म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे? त्या व्यक्तीचे नाव लिहा.

(सूचना: प्रश्न १ ते ४ अनिवार्य आहेत. प्रश्न ५ ऐच्छिक असून त्याला गुण नाहीत. उत्तरात ‘समिती’ असे लिहिल्यास ते चूक धरले जाईल.)